राजीनामा मागितला तर: नोकरी गेल्यावर कायद्याने काय मिळतं?

माणसं कमी करायची ठरली की बहुतेक ठिकाणी पत्र येत नाही, बोलावणं येतं. केबिनमध्ये एचआरवाले किंवा ठेकेदाराचा सुपरवायझर बसलेला असतो आणि टेबलावर आधीच टाइप केलेला कागद असतो: 'मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' सोबतची वाक्यंही ठरलेली. 'काढलं असं लिहिलं तर पुढे कुणी घेणार नाही.' 'सही करा, आठवड्यात फुल अँड फायनल करून टाकतो.' समोरच्याला घरभाडं दिसत असतं, मुलांची फी दिसत असते. तो सही करून मोकळा होतो.

त्या सहीने तो किती पैशांवर पाणी सोडतो, याचा हिशेब त्याला कुणी दाखवत नाही. इथे तोच मांडतो.

आपल्याकडे बेरोजगारी भत्ता आहे का, असं विचारलं तर बहुतेक लोक 'तो परदेशात असतो' म्हणतात. उत्तर अर्धं बरोबर आहे. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत सरकारने मदत करावी असं लिहिलं आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर बोट ठेवून कोर्टात पैसे मागता येत नाहीत. सगळ्यांना लागू होईल असा भत्ता देशात नाही. मात्र पगारातून ज्यांचा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो, त्यांच्यासाठी दोन योजना आहेत. त्याशिवाय कामगार कायद्याने मालकावर टाकलेली काही देणी आहेत. या सगळ्याला एकच अट सामाईक आहे: नोकरी तुम्ही सोडलेली नसावी, ती गेलेली असावी.

आधी ईएसआयचं पाहू. मूळ कायदा १९४८ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण विमा तोच आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना आणि आस्थापनांना हा विमा लागू होतो, आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. लोकांना हे कार्ड दवाखान्यासाठी माहीत असतं. मुलुंडच्या किंवा बिबवेवाडीच्या रुग्णालयात बाळंतपण झालं, ऑपरेशन झालं, अशा कामांसाठी. नोकरी गेल्यावर याच कार्डावर पैसे मिळू शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

ज्या योजनेतून ते मिळतात तिचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला ती दोन वर्षांसाठी प्रायोगिक म्हणून आली. तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं आणि अर्ज जुन्या मालकामार्फत करावा लागायचा. ज्याने काढलं त्याच्याच दारात पुन्हा उभं राहायचं! करोनाच्या टाळेबंदीनंतर, ऑगस्ट २०२० मध्ये, नियम बदलले. रक्कम ५० टक्के झाली, थांबायचे दिवस ३० वर आले आणि अर्ज कामगाराने थेट करायचा असं ठरलं. ही सवलत त्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंतच होती. मग एक मुदतवाढ आली, मग दुसरी, आणि योजना अशीच चालत राहिली. दर महिन्याला पगारातून पैसे घेणाऱ्या ईएसआय महामंडळाने (ईएसआयसी) हक्काची गोष्ट मुदतवाढीवर का जगवावी, हे मला आजवर कळलेलं नाही. म्हणून अर्ज करण्याआधी त्या वेळी मुदत चालू आहे का, टक्का काय आहे, हे शाखा कार्यालयात विचारून घ्या.

मिळतं किती? जास्तीत जास्त ९० दिवसांचं, तेही आयुष्यात एकदाच. पात्रतेसाठी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी हवी, आणि हजेरीची अट आहे. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत मोजतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्यामागच्या तीन सहामाहींपैकी कुठल्या तरी एकीत पुन्हा निदान ७८ दिवसांची. फेब्रुवारी २०२६ मध्ये काम गेलं असेल, तर एप्रिल ते सप्टेंबर २०२५ चे दिवस आधी मोजायचे, मग त्याच्या मागे जायचं.

आता आकडा. चाकणच्या एका कारखान्यात फिटर आहे असं धरू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १८,००० रुपये, दुसरे भत्ते नाहीत, दोन वर्षं पगार तोच. महामंडळ चार सहामाहींची एकूण कमाई घेतं आणि तिला ७३० ने भागतं. २४ महिन्यांचे झाले ४,३२,०००. भागिले ७३०, म्हणजे दिवसाला साधारण ५९२ रुपये. त्याचे निम्मे २९६. नव्वद दिवसांचे सुमारे २६,६३० रुपये.

भागाकार ७३० ने होतो हे ध्यानात ठेवा. रविवार, सुट्ट्या, बिनपगारी दिवस सगळे त्यात धरलेले असतात. मध्ये तीन महिने ब्रेक दिला असेल, तर कमाई घटते पण भाजक तोच राहतो, आणि हातात येणारी रक्कम खाली येते.

अर्ज ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करून भरायचा असतो. नोकरी गेल्यावर तीस दिवस झाले की भरता येतो. मागच्या बेकारीच्या दिवसांचाच दावा चालतो, पुढच्या तारखांचा नाही. आधार आणि बँक खातं विमा क्रमांकाला जोडलेलं हवं. सुरुवातीला प्रतिज्ञापत्र लागायचं, ती अट नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकली. कागदपत्रं ऑनलाइन चढवता आली नाहीत, तर अर्जाची सही केलेली प्रत, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स शाखेत नेऊन द्यायची. आधारवरचं नाव आणि कंपनीने नोंदवलेलं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी गाडी अडते. हे काम नोकरीत असतानाच करून घ्यावं, कारण दुरुस्ती मालकाच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही आणि नोकरी गेल्यावर त्या सहीसाठी गेटवर ताटकळावं लागतं.

कुणाला मिळत नाही? गैरवर्तनाच्या शिक्षेत काढलेल्याला नाही. वयोमानाने निवृत्त झालेल्याला नाही. व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतलेल्याला नाही. बेकायदा ठरलेल्या संपामुळे किंवा मालकाने केलेल्या टाळेबंदीमुळे काम बंद असलेल्यालाही नाही.

संपाची अट गिरणगावात वाढलेल्या माणसाला वेगळी टोचते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातल्या कित्येकांना परत कामावर जाता आलं नाही. तो संप रीतसर मागे घेतला गेल्याचं कुणी सांगत नाही. पुढे १५ सप्टेंबर १९८६ पासून केंद्राने कायमच्या बंद पडलेल्या खासगी कापड गिरण्यांतल्या कामगारांसाठी एक निधी सुरू केला. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. आजच्या नव्वद दिवसांच्या तुलनेत तो मोठा होता, हे मान्य करावंच लागेल. पण त्यासाठी गिरणी कायदेशीरपणे बंद झालेली असावी लागे. भोंगा बंद असला तरी कागदावर गिरणी चालू असेल, तर पैसे नाहीत. १ एप्रिल २०१७ पासून तो निधी ईएसआयच्या दुसऱ्या योजनेत, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत, विलीन झाला. ईएसआयचं मुंबईतलं प्रादेशिक कार्यालय, पंचदीप भवन, आज लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर आहे, म्हणजे त्याच गिरणगावात.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासूनची आहे आणि ही अटल योजनेपेक्षा बरीच भरघोस आहे. कारखाना बंद पडला, कामगार कपातीत नाव आलं, किंवा कामाबाहेरच्या अपघाताने निदान ४० टक्के कायमचं अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर यातून भत्ता मिळतो. पूर्ण सेवाकाळात जास्तीत जास्त २४ महिने: पहिले बारा महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. तेवढा काळ स्वतःचे आणि कुटुंबाचे औषधोपचारही चालू राहतात. आमच्या फिटरला ही योजना लागू झाली, तर पहिल्याच वर्षी लाखाच्या वर रक्कम जाते. दोन्ही योजनांचे पैसे एकाच वेळी घेता येत नाहीत. म्हणून कारखाना बंद झाला असेल किंवा कपातीचं रीतसर पत्र हातात असेल, तर आधी हिचीच चौकशी करा. शाखेत खिडकीवरचा माणूस स्वतःहून हिचं नाव काढेल या भरवशावर राहू नका.

आता मालकाकडून येणारे पैसे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये कपातीचे नियम होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, पण कपातीच्या भरपाईचा गाभा तोच आहे. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला काढायचं असेल, तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, किंवा नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील, तर ते एक वर्ष धरतात. वर्षभर म्हणजे ३६५ हजेऱ्या नव्हेत. जमिनीवरच्या, म्हणजे खाणीच्या आत नसलेल्या, कामात बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष मानलं जातं. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी २४० च्या अलीकडे माणसाला ब्रेक देतात. पगारी रजा आणि पगारी सुट्ट्यासुद्धा या मोजणीत धरतात, त्यामुळे ब्रेक दिला तरी कधी कधी दिवस भरलेले असतात. मोजून पाहा.

संहितेने एक नवीन गोष्ट आणली आहे, पुनर्कौशल्य निधी. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा शेवटचा पगार या निधीत भरायचा आणि ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवी. दुसरीकडे एक जुनं संरक्षण पातळ झालं. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागायची, आता ती तीनशेपासून लागते. उजव्या हाताने १५ दिवस दिले आणि डाव्या हाताने काय घेतलं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

फिटरकडे परत येऊ. त्याची नोकरी सहा वर्षं सात महिन्यांची, म्हणजे सात वर्षं धरायची. कपातीची भरपाई: अर्धा पगार ९,००० गुणिले सात, ६३,०००. नोटिशीचा पगार १८,०००. पुनर्कौशल्य निधीतले ९,०००. ईएसआयचे, लहान योजनेतून धरले तरी, २६,६३०. बेरीज १,१६,६३० रुपये.

'वैयक्तिक कारणास्तव' लिहून सही केली की ही सगळी बेरीज शून्य.

ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षं झाली असतील तर ती राजीनाम्यावरही मिळते: १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले सात, म्हणजे सुमारे ७२,६९० रुपये. एचआर जेव्हा 'तुम्हाला सत्तर-ऐंशी हजार देतोय की' म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा हीच रक्कम दाखवत असतो. ती तुमची होतीच. पीएफही तसाच, तुमची आणि मालकाची तुमच्याच नावावर साठलेली बचत. ती काढणं म्हणजे भत्ता मिळणं नव्हे, म्हातारपणातले पैसे आज मोडणं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता यावेत आणि उरलेले बारा महिने बेकार राहिल्यावर.

कागदाचा आणखी एक कोपरा आहे जो कामगाराला दिसतच नाही. कंपनी दर महिन्याला ईएसआयच्या पोर्टलवर प्रत्येकाचे दिवस आणि पगार भरते. शून्य दिवस भरले तर कारण निवडावं लागतं. यादीत 'नोकरी सोडली', 'निवृत्त', 'संप किंवा टाळेबंदी', 'कामगार कपात', 'काम नाही' असे पर्याय असतात. ऑफिसातला मुलगा सवयीने 'नोकरी सोडली' निवडतो आणि पुढच्या नावावर जातो. त्याच्या मनात काही वाईट नसतं, पण तुमच्या दाव्याला पहिली खोट तिथेच बसते. म्हणून कपातीचं पत्र हातात घेतानाच पोर्टलवर कारण काय टाकणार, हे विचारा आणि तसं ईमेलवर लिहून मागा. व्हॉट्सॲपवर उत्तर आलं तरी चालेल, फक्त ते जपून ठेवा.

कंत्राटी कामगारांची गोष्ट याहून अवघड आहे. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार बऱ्याचदा नवाच विमा क्रमांक काढून देतो. माणूस त्याच गेटमधून, त्याच मशीनवर चार वर्षं जातो आणि ईएसआयच्या दप्तरात मात्र तीन वेगवेगळे नवखे कामगार दिसतात. दोन वर्षांची अट मग भरणार कशी? विमा क्रमांक आयुष्यभर एकच असायला हवा. नव्या ठेकेदाराकडे रुजू होताना जुना क्रमांक सांगायचा, आणि आधीच दोन-तीन झाले असतील तर शाखेत अर्ज देऊन ते जोडून घ्यायचे. ठरावीक मुदतीचा करार संपून तो वाढवला नाही, तर त्याला कायदा कपात मानत नाही आणि कपातीची भरपाई लागू होत नाही. मात्र नव्या संहितेनुसार अशा मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षांची वाट पाहावी लागत नाही.

आणि २१,००० च्या वरचे? १ जानेवारी २०१७ ला ही मर्यादा ठरली, त्यानंतर किमान वेतन किती वेळा वाढलं, पण ती वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहिली. पगारवाढ झाली म्हणून पेढे वाटलेला माणूस चालू सहामाही संपली की विम्याच्या छत्राबाहेर जातो. ओव्हरटाइम या मर्यादेसाठी धरत नाहीत, त्यामुळे 'ओव्हरटाइममुळे तुमचा ईएसआय बंद झाला' असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. हिंजवडी किंवा ऐरोलीतल्या आयटीवाल्यांना ईएसआयची यातली कुठलीच योजना नाही. कपातीची भरपाई त्यांना मिळू शकते, कारण तांत्रिक काम करणाराही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असू शकतो. कार्डावर 'मॅनेजर' छापलं आहे म्हणून हक्क जात नाही. माणूस प्रत्यक्षात काय काम करतो हे न्यायालयं पाहतात. घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, डिलिव्हरीची मुलं या दोन्ही योजनांच्या बाहेर आहेत.

जर्मनीत स्वतःहून नोकरी सोडली तर बेरोजगारी भत्ता साधारण बारा आठवडे रोखतात आणि मग सुरू करतात, अर्थात तेवढे दिवस एकूण मुदतीतून वजाही करतात. आपल्याकडे राजीनामा म्हणजे पूर्ण दार बंद. त्यामुळे इथे त्या सहीचं वजन जास्त आहे आणि ती घ्यायची घाईही जास्त दिसते.

मग केबिनमध्ये काय करायचं? सही करायची नाही, एवढं म्हणणं सोपं आहे. समोर चार माणसं बसलेली असताना अवघड आहे. 'घरी विचारून उद्या सांगतो' एवढं वाक्य पुरतं. बाहेर येऊन त्याच दिवशी कंपनीला ईमेल करायचा: आज अमुक वाजता मला बोलावून राजीनामा मागितला, मी राजीनामा देत नाही, काम द्यायला तयार असाल तर मी हजर आहे. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं. गेटवर अडवलं तर गेटवरूनच पुन्हा मेसेज करायचा. पगाराच्या स्लिपा, हजेरीचे फोटो, नेमणूकपत्र फोनमध्ये आधीच असू द्या, कारण कंपनीचा ईमेल त्याच दुपारी बंद होतो. काढून टाकल्यावर किंवा राजीनाम्यानंतर हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा, असा नियम आता वेतन संहितेत आहे. 'सही केली नाही तर पगार अडकेल' ही धमकी त्यामुळे पोकळ आहे.

सही आधीच झाली असेल, तरी सगळं संपलेलं नसतं. दबावाखाली घेतलेला राजीनामा म्हणजे राजीनाम्याच्या नावाखाली केलेली कपात आहे, असा दावा करता येतो. सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं आणि तिथे त्या दिवसाचे मेसेज कामाला येतात. एकाच आठवड्यात एकाच मजकुराचे वीस-पंचवीस राजीनामे आले असतील, तर तोही पुरावाच, म्हणून सोबतच्यांचे नंबर सोडू नका. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करायची. मुंबईत त्यांचं कामगार भवन वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त बसतात. तिथे आधी समेटाची बोलणी होतात. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, त्यासाठी युनियन पाठीशी असलीच पाहिजे असं नाही. नोकरी गेल्याच्या तारखेपासून हा अर्ज करायला जुन्या कायद्यात तीन वर्षं होती. नव्या संहितेत दोनच आहेत.